शिकलेली गृहिणी: सुधारकांनी दार उघडलं की कामं वाढवली?

माजघर

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचं बिल्डरशी एकदाचं ठरलं आणि गेला महिनाभर मी माळा उपसतेय. पितळी डबे, मोडका पाळणा, पंचांगांची बोचकी. त्यात जुन्या खणाच्या कापडात गुंडाळलेली एक वही निघाली. आजेसासूबाईंच्या सासूबाईंची. वर शके १८१७ घातलंय, म्हणजे १८९५-९६. बाईंचं वय तेव्हा सतरा-अठरा असेल.

वही घरखर्चाची आहे. त्याच ट्रंकेत पुरुषांचे कागद आहेत ते सगळे मोडीत, हिची वही मात्र स्वच्छ बाळबोध देवनागरीत. म्हणजे छापील पुस्तकावरून शिकलेली. 'दूध रतीब', 'घासलेट', 'इकडे टपाल तिकिटे २ आणे', 'मुलास बाळकडू'. नवऱ्याचं नाव अर्थातच कुठे नाही, सगळीकडे 'इकडे'. दर महिन्याच्या शेवटी बेरीज, आणि बेरजेखाली दुसऱ्या हाताची एक बारीक मोडी सही. नवऱ्याची, तपासल्याची.

ती सही पाहिल्यापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय, म्हणून हा धागा.

एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या सुधारकांनी बाईला शिकवलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण शिकवलं कशासाठी? त्या काळची व्याख्यानं, मासिकं चाळा. उत्तर एकच येतं: चांगली गृहिणी व्हावी म्हणून. मुलांवर संस्कार करता यावेत, हिशेब ठेवता यावा, शिकलेल्या नवऱ्याशी चार शब्द बोलता यावेत. आता आधीच्या बाईची कामं मोजा. पहाटेचा सडा, सोवळ्यातला स्वयंपाक, उष्टी-खरकटी, दळण, बाळंतपणं, सासूसासरे, चातुर्मासातली व्रतं. यातलं एकही काम सुधारकांनी कमी केलं नाही. वर नवी घातली. बाईच्या हातात लेखणी आली, पण हातातलं पोळपाट कुणी काढून घेतलं नाही.

रमाबाई रानड्यांचंच घ्या. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस. घरात आल्याआल्या पाटी-पेन्सिल सुरू. दिवसा घरातल्या बायकांचं राज्य, रात्री नवऱ्याची शाळा. दोन्हीकडे परीक्षा आणि दोन्हीकडे नापास व्हायची भीती.

माझं म्हणणं असं की 'सुशिक्षित गृहिणी' हा आदर्श बाईसाठी घडवलेलाच नव्हता. इंग्रजी शिकून सरकारी नोकरीत गेलेल्या नवऱ्याला घरी जे कमी पडत होतं, ते भरून काढायला तो घडला. पटत नसेल तर भांडा.

---

शनिवारकर

भांडतोच.

माजघरताई, वही सापडली त्याबद्दल आधी अभिनंदन. ती बिल्डरच्या डंपरमध्ये जाऊ देऊ नका. पण तुमचा तराजू चुकलाय. १८९५ च्या माणसांना आजच्या मापानं मोजलंत तर सगळेच हलके भरतील.

त्या काळी समोर काय होतं ते बघा. बायको वाचायला लागली की अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात, असं सांगणारा समाज. सावित्रीबाई १८४८ मध्ये भिडे वाड्यात शिकवायला निघाल्या तर अंगावर शेण-चिखल. बाई शिकली की बिघडते, विधवा होते, घर बुडतं, हे लोकांच्या हाडीमाशी खिळलेलं. अशा बापाकडे जाऊन 'तुमच्या मुलीच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास होईल' म्हणून सांगायचं? दारातूनच हाकललं असतं. त्याला असंच सांगायला हवं होतं की बाबा रे, मुलगी शिकली तर तुझं नाव काढेल, संसार नेटका करेल, नातवंडं शहाणी निपजतील. हुजूरपागा ही मुलींची शाळा २९ सप्टेंबर १८८४ ला उघडली ती असल्या गोड बोलण्यावरच. मुली आत आल्या, बाकाला टेकल्या. पुढचं पुढे.

रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं हा त्यांचा पराभवच होता. विधवाविवाहाच्या चळवळीतला माणूस वडिलांपुढे वाकला. मान्य. पण त्याच माणसानं त्या मुलीला इतकं शिकवलं की हुजूरपागेच्या उभारणीच्या वेळी गव्हर्नरापुढे इंग्रजीत निवेदन वाचायला तीच उभी राहिली. पुढे सेवासदन तिनंच चालवलं. पोळपाट सुटलं नसेल, हात तर सुटले?

---

ताकभात

बेरजेखाली नवऱ्याची सही. आमच्याकडे आता यूपीआयचा मेसेज जातो. शंभर वर्षांत प्रगती एवढीच की तो लगेच जातो.

---

माजघर

@शनिवारकर, गोड बोलून आत घ्यायचं ही युक्ती होती म्हणता. असेल. पण युक्तीची किंमत कुणी भरली?

हुजूरपागा सुरू होऊन तीन वर्षं होत नाहीत तोच १८८७ मध्ये टिळकांच्या 'मराठा'नं तिच्या अभ्यासक्रमावर तोफ डागली. शाळा अकरा ते पाच का? एवढा वेळ मुलगी शाळेत बसली तर घरचं काम कधी शिकणार? सकाळ-संध्याकाळ तीनेक तास पुरेत. इंग्रजी कशाला हवं, मराठी, नीती आणि शिवणकाम द्या. आता यात तुमच्या युक्तीपेक्षा वेगळं काय आहे? शिक्षण संसारासाठीच असेल तर 'मराठा'चं म्हणणं अगदी तर्कशुद्ध आहे. पोळ्या लाटणाऱ्या बाईला भूमिती कशाला? हा प्रश्न सनातन्यांनी सुधारकांच्याच खिशातून काढला होता.

आगरकरांचा अपवाद करते. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या, असं ते सरळ लिहून मोकळे झाले. त्यांनी संसाराची साखर लावली नाही. म्हणून तर त्यांच्या वाट्याला जिवंतपणी प्रेतयात्रा आली.

---

डॉक्टरीणबाई

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ. इतिहासातली जाणकार नाही, पण आमच्या व्यवसायातल्या दोघींबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण तुम्हा दोघांचीही म्हणणी त्या दोघींपाशी अडखळतात.

आनंदीबाई. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव टपालखात्यातले कारकून, तऱ्हेवाईक. बायकोनं शिकलंच पाहिजे म्हणून झपाटलेले. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून तिला मारणारे. पुढे अमेरिकेतून तिनं नवऱ्याला लिहिलं त्यात त्या माराची, फेकून मारलेल्या पुस्तकांची आठवण काढली आहे. हे माजघरताईंच्या बाजूचं झालं. नवऱ्याची हौस, बाईची पाठ.

पण २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, ती अठराव्या वर्षी उभी राहून बोलते तेव्हा नवऱ्याची हौस नसते बोलत. इथं बायकांना बायकांची डॉक्टर हवी आहे, पुरुष डॉक्टरापुढे त्या तोंड उघडत नाहीत, म्हणून मी जाते. हिंदू म्हणून जाते, हिंदू म्हणून परत येईन. लक्षात घ्या, तिनं घराचा आदर्श मोडला नाही, ताणला. लुगडं तेच, खाणं तेच, निष्ठा तीच, फक्त उंबरठ्याची जागा फिलाडेल्फियापर्यंत सरकवली. मार्च १८८६ मध्ये एम.डी. प्रबंधाचा विषय काय, तर हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. बाळंतिणीची खोली, जिथं पुरुषाला मज्जाव असायचा, ती तिनं विद्यापीठात नेली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती. रुजू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं गेली. बाविसावंही पुरं नव्हतं.

दुसरी रखमाबाई. हिनं ताणला वगैरे नाही, सरळ तोडला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडे कधी नांदायला गेलीच नव्हती. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीनं दावा लावला. पहिल्यांदा न्या. पिनी यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, ती लंडनला गेली, डॉक्टर झाली आणि सुरतेला, राजकोटला आयुष्यभर बाळंतपणं केली.

तुमच्या 'सुशिक्षित गृहिणी'च्या चौकटीत रखमाबाईला कुठे बसवता? आणि गंमत बघा, एरवी स्त्रीशिक्षणाचे गोडवे गाणारे कित्येक जण तिच्या खटल्यात घसा खाकरत बसले. शिकलेली बायको हवी होती. शिकून 'नाही' म्हणणारी नको होती.

---

शनिवारकर

डॉक्टरीणबाई, रखमाबाईच्या बाजूनं रानडे-तेलंग-मलबारी बोलले होते हेही नोंदवा. पण शेवटचं वाक्य लागलं, खोटं नाही सांगत.

---

न्यूजर्सीकर

एक छोटी भर. आनंदीबाई ज्यांच्याकडे राहायच्या त्या कार्पेंटर मावशींचं रोझेल माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. अस्थी मात्र वर न्यूयॉर्क राज्यात, पकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरल्यात. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. मुलीला दगडावरचा मजकूर वाचायला लावला. नाव, सालं, आणि खाली असं की शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. मुलगी बारा वर्षांची. तिनं विचारलं, 'पहिली ब्राह्मण म्हणजे? डॉक्टर महत्त्वाचं की ब्राह्मण?' परतीच्या वाटेवर तासभर गाडीत याच्यावर बोलणं चाललं. माझं उत्तर काही धड आलं नाही.

---

कापूसकोंडा

न्यूजर्सीकर, लेकीला माझा रामराम सांगा. या अख्ख्या धाग्यात कामाचा सवाल तिनंच केला.

राजेहो, मी केव्हाचा वाचतो आहे. सदाशिव पेठ, शनिवार पेठ, रानडे, टिळक. चार पेठांतल्या चारशे घरांतल्या बायांचं भांडण आणि मथळा 'एकोणिसावं शतक'. आमच्या वऱ्हाडात तेव्हा काय चाललं होतं? कापसाला भाव आला, जागोजाग जिना, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, उघडले. सरकी-कापसात उभी राहणारी कोण? बाई. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंग खात्यात कोण? बाई. १८९१ चा कारखान्यांचा कायदा निघाला तेव्हा बाईच्या कामाला मर्यादा घातली ती दिवसाला अकरा तास. अकरा! ती मर्यादा म्हणे, म्हणजे आधी किती असेल हिशेब करा. तिला कोण सांगणार की बाईचं स्थान घरात आहे?

'घरची लक्ष्मी' व्हायला आधी घर लागतं. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर, १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. तुमचे सुधारक आदर्श गृहिणी घडवायला लागायच्या कितीतरी आधी हे लिहून झालं होतं. कुणाच्या आदर्शात ती बसली?

आणि आमच्याकडच्या ताराबाई शिंदे, बुलडाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, मग ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून पेपरात बायांच्या नीतीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये पुस्तकच छापलं. पतिव्रतेचे जे नियम आम्हाला, ते तुम्हाला का नाहीत? घर सांभाळायचं कसं, लोणचं मुरवायचं कसं, असली भाषा त्यात शोधून सापडत नाही. एकदम मुळावर घाव. म्हणून तर सुधारकांनीसुद्धा नाकं मुरडली, पाठीशी उभे राहिले ते जोतीराव. त्यानंतर बाईंनी काही छापलेलं नाही.

अजून एक. आमच्यात विधवेचा पाट लागायचा. रखमाबाईच्या आईचाही दुसरा घरोबा डॉक्टर सखाराम अर्जुनांशी झाला तो जातीत चालत होता म्हणूनच. पण एखाद्या घराकडे चार पैसे आले, पोरगं मामलेदार कचेरीत लागलं, की पहिलं काय बंद? पाट. दुसरं काय बंद? बाईनं वावरात जाणं. म्हणजे पेठेतला आदर्श खाली झिरपला तो असा. तुमच्या बाया शिकल्या त्या काळात आमच्या बाया कोंडल्या गेल्या.

---

शनिवारकर

कापूसकोंडा, मुद्दा जोरकस आहे. पण एक सांगा. केशवपन बंद व्हावं म्हणून १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांची डोकी न भादरण्याचं ठरवलं, त्यात गिरणी कामगारांचे पुढारी लोखंडे होते. बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ मध्ये फुल्यांनी काढलं ते ब्राह्मण विधवांसाठीच. म्हणजे भिंती वाटतात तेवढ्या पक्क्या नव्हत्या. पेठेतल्या बायांची दुःखं खोटी होती असं तर तुम्ही म्हणत नाही ना?

---

कापूसकोंडा

नाही म्हणत भाऊ. अलवणातल्या पोरीचं दुःख खोटं म्हणणारा मी कोण? पण फुल्यांनी त्या गृहाची पाटी लावली तेव्हा दारावर कोण होतं आणि आत बाळंतपणं कोण काढत होतं तेही बघा. सावित्रीबाई. माळ्याची बाई बामणाच्या विधवेचं बाळंतपण काढते. १८७० च्या दशकात अशाच एका विधवेचं पोर त्यांनी मांडीवर घेतलं, यशवंत. हा घरसंसाराचा दुसरा नमुना तुमच्याच गावात, तुमच्याच वेशीत होता. तुम्ही आदर्श घेतला रानड्यांच्या घराचा. तो का? एवढंच विचारतो.

---

वरणफळ

मी सासूंची बाजू घेणार आहे. चपला तयार ठेवा.

रमाबाई रानड्यांच्या आठवणींत घरातल्या बायका खलनायिका वाटतात. टोमणे, अबोला, शिक्षा म्हणून लादलेली कामं. त्यांचा सल्ला असा की पुरुष काहीही सांगतील, आपण कानाआड करावं, दोन-चारदा ऐकलं नाही की तेच कंटाळून सोडून देतील. आपण वाचून म्हणतो, काय या बुरसटलेल्या!

पण जरा त्यांच्या पाटावर बसून बघा. त्या घरात त्यांच्याकडे काय होतं? सोवळं होतं. कोणाला काय शिवायचं, काय रांधायचं, कोणत्या बाळंतिणीला कोणता काढा, कुणाच्या डोहाळजेवणाला काय, मुलीला न्हाण आलं की काय करायचं, हे सगळं ज्ञान बायकांच्या हातात होतं. पुरुषाला त्यात ठो कळत नसे आणि तो लुडबुडतही नसे. घर हा त्यांचा मुलूख होता. गुलामी होती, पण गुलामांच्याही आपसात मान-पदव्या असतात. आणि एके रात्री नवरा नावाचा माणूस माडीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसतो आणि अकरा वर्षांची पोर त्याच्याकडून थेट शिकायला लागते. म्हणजे सासूला मधून काढलं. सून आता सासूची शिष्या राहिली नाही, नवऱ्याची झाली. माजघरातली किल्ली माडीवर गेली.

तुमच्या वहीतली ती मोडी सही, माजघरताई, मला तरी तीच किल्ली वाटते. सासूनं कधी तेलाचा हिशेब लिहून मागितला नसेल. तिला बुधल्यात डोकावून कळायचं.

---

माजघर

वरणफळ, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता वही पाहताना सासूही दिसायला लागली. एका ठिकाणी 'सासूबाईंचे सांगण्यावरून जादा तूप' असं लिहिलंय. बहुतेक कुणालातरी उत्तर द्यावं लागलं असणार, म्हणून लेखी पुरावा.

---

जुनं_ते_सोनं

सगळे मिळून गृहिणीपणाला शिवी का देताय? आमच्या आजीनं घर सांभाळलं त्यात तिला कमीपणा वाटला नाही. आज दोन्ही डगरींवर हात ठेवून ऑफिस आणि घर करणाऱ्या मुलींचे हाल बघा आणि मग बोला.

---

माजघर

अहो, त्या दोन डगरी तिथूनच सुरू झाल्या, हेच तर मघापासून म्हणतेय!

---

डॉक्टरीणबाई

जुनं_ते_सोनं यांचा मुद्दा इतक्या लवकर मोडीत काढू नका. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. संस्कृत पंडित, बंगालमध्ये जाऊन ब्राह्मणेतराशी लग्न केलेली, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह विधवा. १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी मराठीत स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं. एवढी बंडखोर बाई काय लिहील असं वाटतं? तर घर नीटनेटकं कसं ठेवावं, पतीशी कसं वागावं, मुलांना कसं वाढवावं, वेळ कसा वाया घालवू नये. कित्येक पानं अशी की आज वाचून आपण दचकतो.

आणि त्याच साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना तीच बाई म्हणते की या देशातले शिकलेले पुरुषच बहुसंख्येनं स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, बाईची मोहरीएवढी चूक दिसली की तिचा पर्वत करतात. बायकांना डॉक्टर आणि शिक्षिका होऊ द्या.

एकाच वर्षी, एकाच बाईच्या दोन बोली. एक बायकांशी बोलताना, एक सरकारशी बोलताना. यातली खरी कुठली? मला वाटतं दोन्ही. नेटकं घर हा तिला पुरुषांनी शिकवलेला धडा नव्हता. आईबाप दुष्काळात वाटेत गेलेले, लहानपणापासून देवळाच्या ओसरीवर मुक्काम. तिला घर हवंही असेल की. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी घरच होतं, फक्त त्यात नवरा नव्हता. इथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या घरी नांदायला गेली.

तर कापूसकोंडा, तुम्ही विचारलंत दुसरा नमुना का घेतला नाही. सावित्रीबाईंचं घर, रमाबाईंचं सदन, दोन्ही होते. पण दोन्हींवर गावानं बहिष्कार घातला. शारदा सदनावर १८९३ मध्ये धर्मांतराचं वादळ उठलं, तेव्हा रानडे-भांडारकरसुद्धा बाजूला झाले. रानड्यांच्या घराला बहिष्काराची झळ लागली तर पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतल्याची, तेवढीच, आणि तीही प्रायश्चित्तानं मिटली.

---

कापूसकोंडा

हे मात्र पटलं. घ्या, एक गुण डॉक्टरीणबाईंना.

आता माजघरताई, तुम्हाला एक काम देतो. तुमच्या त्या वहीतली बाई लिहायला-वाचायला बसत होती ना? म्हणजे तेवढा वेळ तिची धुणीभांडी दुसरं कुणी करत असणार. ती बाई वहीत आहे का बघा. दूधवाल्याचं नाव आहे का, आणि तिचं आहे का.

---

ताकभात

कापूसकोंडा साहेबांनी ऑडिट लावलं.

---

माजघर

कालपासून वही घेऊनच बसले होते, म्हणून उशीर.

आहे ती. कापूसकोंडा, तुमचा अंदाज बरोबर. दूधवाल्याचं नाव आहे, वाण्याचं आहे, कासाराचं सुद्धा आहे. हिचं नाही. बारा महिने नुसतं 'मोलकरणीस'. दरमहा सव्वा रुपया.

आश्विनात एक नोंद आहे ती जशीच्या तशी लिहिते. 'मोलकरणीस १ रु. ४ आणे. खाडा ६ दिवस. वजा ४ आणे. बाकी १ रु.' बाजूला समासात आकडेमोड केलीय. वीस आणे, तीस दिवस, सहा दिवस. त्रैराशिक. हिशेब चोख आहे, मी करून पाहिला. शाळेत शिकलेलं गणित बाईंनी पहिल्यांदा कुठे वापरलं असेल तर ते मोलकरणीचा खाडा कापायला. रात्री हे वाचून मला काही सुचेना. माझ्या फोनमध्ये माझ्या कामवालीच्या खाड्याच्या तारखा आहेत, मीही तसाच हिशेब करते.

पण पुढे ऐका. ती 'वजा ४ आणे' ओळ खोडलीय. वेगळ्या शाईनं, म्हणजे त्याच दिवशी नाही. आणि वर बारीक अक्षरात एकच शब्द: 'दिले'.

महिन्याची बेरीज मात्र आधीचीच राहिलीय, चार आणे कमी धरून. आणि खाली नवऱ्याची सही.

---

शनिवारकर

म्हणजे चार आणे हिशेबाबाहेरून दिले? आले कुठून?

---

वरणफळ

तुपातून.

---

कापूसकोंडा

किंवा मोलकरणीनं भांडून घेतले. सहा दिवस कशानं खाडा झाला ते लिहिलंय का?

---

माजघर

नाही लिहिलं. पुढच्या पानावर कार्तिक सुरू होतो. 'मोलकरणीस १ रु. ४ आणे.' खाडा नाही.